नागमोडी

पाचपावलीतल्या विणकर सोसायटीचं सभासद रजिस्टर
मी मार्चपासून एक्सेलमध्ये चढवून राहिली.
अवसायक साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, जसं आहे तसं.
काना वाढवायचा नाही, मात्रा खोडायची नाही.
म्हणून जुन्या मुनीमजींनी नावापुढे जिथे चांदणी काढली
तिथे मी चांदणी दाबली, आठाच्या डोक्यावरची,
जिथे प्रश्नचिन्ह, तिथे प्रश्नचिन्ह.
चार हजार एकशे सहा ओळी.
कूलरचं पाणी दिवसातून दोनदा संपायचं,
खसाचा वास फायलींना लागलेला.

काल साहेब म्हणाले, चांदणीवाले वेगळे काढा,
पाचपर्यंत पाठवायचे आहेत.
फिल्टर लावला. चौकटीत एक चांदणी टाकली.
आले सगळे.
पुन्हा टाकली, पुन्हा सगळे,
हेडाऊ, पराते, नंदनवार,
निनाव्यांची तर अख्खी गल्ली.
यंत्राच्या लेखी चांदणी म्हणजे कोणीही, कितीही,
प्रश्नचिन्ह म्हणजे कोणीही, पण एक.
मी खूण शोधत होती
आणि खूण म्हणत होती, तुला पाहिजे तो घे.

बाजूच्या टेबलावरचा सुबोध रंगारी
मान वर न करता बोलला,
ताई, चांदणीच्या आधी ते नागमोडी टाका ना.
कुठलं?
एस्केपच्या खालचं.
बोट कधी जात नाही त्या कोपऱ्यात, धूळ होती,
नखानं पुसली. शिफ्ट धरून दाबलं,
पडद्यावर एक लहानशी लाट आली,
मे महिन्यात पुलावरून नाग नदी दिसते
तेवढीच.

~*

एकोणचाळीस.
बाकीचे दुमडून गेले
निळ्या आकड्यांच्या मधल्या फटींत.

पण बऱ्हाणपुरे मोजून अकरा होते रजिस्टरात,
आडनावाने गाळले तर सातच येत.
पहिल्या नऊशे ओळी माझ्या आधीच्या कोणी तरी भरलेल्या,
त्याच्या ‘ऱ्ह’मध्ये काही तरी बसलं होतं,
रुंदी नसलेलं,
आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं.
एका घरचे, एका मागावर बसलेले
डोमाजी आणि सरूबाई,
मध्ये ते.
मी चारही नावं हातानं पुन्हा टाइप केली.
जसं आहे तसं मोडलं. साहेबांना बोलली नाही.

चांदणी म्हणजे मेलेले, साहेब म्हणाले.
थकबाकीदार असतील, सुबोध.
मुनीमजी शेषराव धकाते लकडगंजला लेकीकडे असतात,
तिनं फोन त्यांच्या कानाला धरला.
मी ओरडून विचारलं. बराच वेळ नुसता श्वास.
मग, कायची चांदणी बाप्पा,
ज्यायले डोयानं दिसे ना
त्यायच्या नावापुढं काढत होतो मी.
त्यायचे पैसे घरी नेऊन द्याचे, हातात मोजून.
मागावर डोये जातेत ना लोकायचे.
आन् प्रश्नचिन्ह?
ते घर बदललेले. पानठेल्यावर पुसाचं.

साहेबांच्या नमुन्यात
यासाठी रकाना नव्हता.
मयत होता, थकीत होता, इतर होता.
मी ‘इतर’मध्ये एकोणचाळीस वेळा लिहिलं,
घरी नेऊन देणे.
चाळिसाव्यांदा हात तसाच पुढे गेला, मग खोडलं.

फिल्टर काढल्यावर सगळे परत आले,
चार हजार एकशे सहा, काहीच झालं नाही असे.
चांदणीतलं पहिलं नाव वहीत उतरवून घेतलं,
चिंधू निनावे, घर नंबर नाही,
विहिरीसमोर.
पुढे चांदणी, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.
विहीर बुजवून तिथे आता मोबाइलचं दुकान आहे,
सुबोध म्हणाला.
पानठेला असंल, मी म्हटलं.
पानठेला तर असंलच.